स्किझोफ्रेनियाचा पेशंट सारखं पाणी पितो तेव्हा: घरच्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

माझा दादा एकवीस वर्षं स्किझोफ्रेनियाच्या ट्रीटमेंटवर आहे. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो मोरीत पडला, दातखीळ बसलेली, हातपाय ताठ, आणि पितळेचा तांब्या हातात तसाच घट्ट धरलेला. याला पाणी फार लागतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्या पाण्याचा आणि त्या फिटचा काही संबंध असेल असं आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पुढे पेशंटच्या घरच्यांच्या मीटिंगला जायला लागले तेव्हा कळलं की हेच प्रश्न खूप जणांना आहेत, फक्त विचारायला संकोच वाटतो. म्हणून सगळे एकत्र लिहितेय. मी डॉक्टर नाही. दादाच्या सायकियाट्रिस्टनी आणि नंतर किडनीच्या डॉक्टरांनी समजावलं ते, आणि स्वतः वाचून पुन्हा त्यांना विचारून खात्री केलेलं, एवढंच इथे आहे.

पाणी पिणं तर चांगलं ना? सगळे तर सांगतात भरपूर पाणी प्या.

चांगलंच, आणि म्हणूनच हे लक्षात यायला इतका उशीर होतो. आमची आई कौतुकाने सांगायची की माझा मुलगा काही मागत नाही बिचारा, नुसतं पाणी पितो.

धडधाकट किडनी तासाला साधारण पाऊण ते एक लिटर जास्तीचं पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून वेगाने पाणी पोटात गेलं, किंवा किडनीला पाणी धरून ठेवायचा चुकीचा निरोप मिळत असला, तर ते अंगात साचतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. मला हा हिशोब एका डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे लिहून दाखवला होता तेव्हा पहिल्यांदा समजलं. साठ किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण ३६ लिटर पाणी असतं. सोडियम नॉर्मल १३५ ते १४५ (लिटरला मिलिमोल), समजा सकाळी १४० आहे. दिवसभर पिऊन आणि लघवीला जाऊनही तीन लिटर अंगातच राहिलं, म्हणजे ३६ चे ३९ झाले, मीठ मात्र तेवढंच, तर सोडियम १२९ वर येतं. आणखी तीन लिटर राहिलं तर १२०. साधं आहे, आमटीत पाणी वाढवलं की ती अळणी होते तसं. पण इथे मेंदूच्या पेशी ते पाणी ओढून घेतात आणि फुगतात, कवटीत फुगायला जागा नसते, मग डोकं दुखणं, उलटी, भ्रम, फिट, बेशुद्धी, आणि वेळेत काही झालं नाही तर जीवही जातो. १२० च्या खाली धोका खूप असतो, आणि सोडियम झपाट्याने उतरलं तर त्याच्या आधीच फिट येऊ शकते. दादाला पुढे दुसरी फिट आली त्या रात्री त्याचं ११६ होतं.

किती पाणी म्हणजे जास्त?

डॉक्टर साधारण दिवसाला ३ लिटरच्या वर गेलं की विचारपूस करतात, पण या आकड्याला फार चिकटून बसू नका, मे महिन्यात शेतात राबणारा माणूस त्याहून जास्त पितो आणि ते सगळं घामावाटे जातं. पद्धत बघा. दादाचं मी एका रविवारी मोजलं होतं, तांब्या एक लिटरचा, दुपारी चारपर्यंत अकरा तांबे, आणि ते फक्त माझ्या डोळ्यासमोरचे.

खुणा सांगते. शर्टाचा पुढचा भाग कायम ओला असतो कारण नळाला तोंड लावून घटाघटा पिणं चालतं. बाटली हातातून सुटत नाही. लघवी अगदी पाण्यासारखी, रंगच नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी जाणं. रात्री उठून पिणं. दुसऱ्यांचे उष्टे ग्लास संपवणं. आणि अडवलं की चोरून पिणं, बाथरूमची बादली, कुंड्यांना घालायचं पाणी, अगदी संडासातल्या डब्यातलंसुद्धा. हे शेवटचं लिहिताना जड जातंय पण लिहिते, कारण ज्या आईने हे पाहिलंय तिला वाटत असतं की जगात फक्त आपलाच मुलगा असं करतो. नाही हो. डॉक्टर लोकांना हे सगळं माहीत असतं, मोकळेपणाने सांगा. पूर्वीपासून वॉर्डात असलेल्या जुन्या मनोरुग्णांची जी पाहणी झालीये त्यात साधारण ६ ते २० टक्के जणांना ही सवय सापडते.

पण तो एवढं पाणी पितोच का? तहान लागते की डोक्यात काही येतं?

दोन्ही, आणि माणसागणिक वेगळं. दादाला मी एकदा तो बरा असताना शांतपणे विचारलं, दादा, तुला खरंच एवढी तहान लागते का रे? तो म्हणाला, "लागत नाही, पण प्यायलो की आत जरा गप्प होतं." मला ते आजही आठवतं. काहींना आवाज सांगतात पी म्हणून, काहींना वाटतं की अंगात विष आहे, ते धुऊन काढायचंय, काहींना पोटात आग जाणवते. काहींना मात्र काहीच कारण सांगता येत नाही, नुसता हात नळाकडे जातो.

आत काय बिघडतं त्याचा थोडक्यात अर्थ असा. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो तहान आणि एडीएच नावाचं हार्मोन दोन्ही सांभाळतो. एडीएच वाढलं की किडनी पाणी धरून ठेवते. आपण जास्त पाणी प्यायलो की एडीएच जवळपास बंद होतं आणि पाणी बाहेर पडतं. या पेशंटमध्ये दोन गोष्टी बिघडू शकतात, तहान शमल्याचा निरोपच येत नाही, आणि एडीएच बंद व्हायला हवं तेव्हा ते नीट बंद होत नाही, खास करून आजार उसळलेला असताना किंवा ताण असताना. म्हणून काही जणांचं वर्षानुवर्षं आठ-दहा लिटर पिऊनही सोडियम ठीक राहतं, आणि तेच पाणी एखाद्या वाईट आठवड्यात अंगावर येतं. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे वाक्य आमच्या घरातही बोललं जायचं.

आणखी एक साधं कारण म्हणजे कोरडं तोंड. हातपाय थरथरू नयेत, जीभ जड होऊ नये म्हणून जी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी स्किझोफ्रेनियाच्या औषधांबरोबर देतात तिने तोंड फार सुकतं. ही गोळी अजून एवढ्या डोसमध्ये लागते का हे डॉक्टरांना जरूर विचारा, कधीकधी ती वर्षानुवर्षं तशीच चालू राहिलेली असते. पण मनाने बंद करू नका.

म्हणजे गोळ्यांमुळेच झालं की! बंद करून बघू का?

नका. प्लीज नका. स्किझोफ्रेनियावरचं पहिलं खरं औषध क्लोरप्रोमाझिन, ते १९५२ साली वापरात आलं. पण या पेशंटना लघवी फार होते, सर्वसाधारण माणसाच्या जवळपास दुप्पट, हे अमेरिकेतल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये होस्किन्स आणि स्लीपर यांनी १९३३ सालीच नोंदवलं होतं. तेव्हा कुठल्या होत्या गोळ्या? मूळ आजाराचाच हा एक भाग आहे.

गोळ्या त्यात भर घालू शकतात हे मात्र खरं. कार्बामाझेपिन, डिप्रेशनच्या काही गोळ्या, बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांनी सोडियम उतरतं. दादाच्या बाबतीत पहिल्या फिटनंतर एका हॉस्पिटलमध्ये मिरगी म्हणून कार्बामाझेपिन सुरू केलं, सोडियम तपासलंच नाही, पाण्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही, आणि दोन महिन्यांत दुसरी फिट आली ती पहिल्यापेक्षा मोठी. सोडियम ११६ आलं ते त्या रात्री. म्हणून जिथे जाल तिथे सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, होमिओपॅथी, काढे, सगळं धरून.

डायबेटिस तर नसेल?

असू शकतो, आणि हे आधी तपासायलाच हवं. ओलान्झापिन, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी वजन आणि शुगर वाढते, आणि शुगर वाढली की खरी तहान लागते. मग "हा वेड्यासारखं पाणी पितो" म्हणून पाणी तोडलं तर उलटं नुकसान.

दुसरं लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवायला देतात ती गोळी. लिथियम घेणाऱ्याची किडनी कधीकधी पाणी धरूनच ठेवू शकत नाही, सगळं लघवीतून जातं, त्या माणसाला पाण्याची खरी गरज असते. त्याचं पाणी कमी केलं तर अंगातलं पाणी आटून लिथियम रक्तात वाढतं आणि विषबाधा होते. म्हणून पाणी कमी करायचं की नाही हे ठरण्याआधी शुगर, सोडियम, क्रिएटिनीन, कॅल्शियम, लघवीची तपासणी एवढं करून घ्या. लघवीची घनता १.००३ च्या आसपास म्हणजे लघवी जवळजवळ पाणीच. पाणी पूर्ण बंद करून बघायची एक टेस्ट असते, ती हॉस्पिटलमध्येच करायची असते, घरी नाही.

अंगात पाणी साचलंय हे घरी कसं ओळखायचं?

दिवसाच्या शेवटी बघा. सकाळी माणूस बरा असतो, रात्रभर लघवीला जाऊन सोडियम सुधारलेलं असतं, आणि दुपारनंतर बिघडत जातो. चिडचिड, एकाच जागी फेऱ्या, तोल जाणं, बोलणं जड, डोकं दुखतं म्हणणं, मळमळ, पाण्यासारखी उलटी, चेहरा आणि पोट फुगल्यासारखं दिसणं, मग सुस्ती. आम्ही याला वर्षभर "संध्याकाळी त्याचा आजार वाढतो" असं समजत होतो आणि झोपेची गोळी लवकर द्यायचो. किती चुकीचं होतं ते. सोडियम उतरलेल्या माणसाला झोपेची गोळी देऊन झोपवलं तर तो बेशुद्धीकडे चाललाय हे कळणारसुद्धा नाही.

आणि उलटी झाली की आपण काय देतो? पाणी. लिंबूपाणी. हे तर अजिबात नको.

वजन करायला सांगतात ते कशासाठी?

माझ्या मते या सगळ्यात घरच्यांच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दिवसभरात कोणाची तीन किलो चरबी वाढत नाही, वाढलं ते पाणीच. म्हणून सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहाच्या आधी वजन करायचं, आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा लघवी करून, त्याच कपड्यात, त्याच काट्यावर. काटा डिजिटल घ्या, शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि फरशीवर ठेवा, सतरंजीवर ठेवला तर आकडा चुकतो. दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा.

सकाळच्या वजनापेक्षा ३ टक्के वाढलं तर सावध व्हायचं, म्हणजे साठ किलोला १.८ किलो. त्या वेळी पाणी थांबवायचं, त्याच्याजवळ बसायचं, तासाभराने पुन्हा वजन. ५ टक्के म्हणजे साठ किलोला तीन किलो, तेव्हा सोडियम साधारण दहाने उतरलेलं असू शकतं, आम्हाला सांगितलंय की अशा वेळी रक्त तपासायला न्यायचंच, आणि उलटी, भ्रम, सुस्ती यातलं काही असेल तर आकडा कितीही असो, थेट कॅज्युअल्टी. तुमच्या पेशंटची मर्यादा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, वय, हार्ट, किडनी यावर ती बदलते.

दादाच्या वहीतलं पहिलं पान माझ्याकडे आहे. सकाळी ६१.२, दुपारी ६४.९. तीन किलो सातशे ग्रॅम. आई म्हणाली काटा बिघडलाय. मग ती स्वतः उभी राहिली, मी उभी राहिले, आमचं सकाळचं तेवढंच. तेव्हा ती खाली बसली आणि किती वेळ काही बोललीच नाही.

एक सांगते, काट्याने घरातलं भांडण कमी होतं. "तू पाणी प्यायलास", "नाही प्यायलो" हे दिवसातून वीस वेळा व्हायचं. आता कोणी काही विचारत नाही, दादा स्वतः काट्यावर उभा राहतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि स्वतःच्या अक्षरात लिहितो. कधी जास्त आला तर माझ्याकडे बघतो, मी म्हणते चल, जरा अंगणात बसू.

नळ बंद करून, मोरीला कुलूप लावून ठेवलं तर?

आम्ही केलंय ते, म्हणून सांगते, करू नका. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर येतं, पिंप आणि टाकी भरून ठेवावी लागते, तर आम्ही पिंपाला झाकण बांधलं आणि मोरीला कडी. काय झालं? तो शेजारच्या बिल्डिंगमधल्या वॉचमनच्या नळावर जायला लागला. मंदिराबाहेरच्या पाणपोईवर उभा राहायला लागला, तिथे तर कोणी अडवणारच नाही, उलट पुण्य म्हणून वाढून देतात. आणि मोकळं सापडलं की भीतीने एकदम चार-पाच लिटर पिऊन टाकायचा, हळूहळू पिण्यापेक्षा हे जास्त घातक. वर आमच्यावरचा त्याचा विश्वास गेला, गोळ्या घेणं बंद केलं, ते पुन्हा बसायला सहा महिने लागले.

खोलीत कोंडणं, बांधून ठेवणं याचा तर विचारही नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मनोरुग्णाला साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, तहानेने तडफडणाऱ्या आपल्या माणसाला कडीआड ऐकत बसणं काय असतं ते मी ऐकलंय.

मग कमी कसं करायचं?

हळूहळू, आणि त्याला सोबत घेऊन. आमच्याकडे जे चाललं ते लिहिते, तुमच्याकडे यातलं अर्धं चालेल कदाचित.

तांब्या गेला, छोटा पेला आला. दीडशे मिलीचा स्टीलचा पेला, तोच त्याचा. तांब्याने पिणाऱ्याला तीन पेले प्यायल्यावर आपण तीनदा प्यायलो असं वाटतं. डॉक्टरांनी दिवसाचं जे माप ठरवून दिलं ते पाणी सकाळी बाटल्यांत भरून ठेवतो, तो त्यातून पेल्याने घेतो. तोंड सुकलं तर बर्फाचा खडा चोखायला, बडीशेप, आवळ्याची फोड, नुसती गुळणी करून थुंकणं.

पण खरा फरक पडला तो रिकामा वेळ कमी झाल्यावर. दादा सगळ्यात जास्त प्यायचा दुपारी एक ते चार, म्हणजे आई झोपलेली, मी ऑफिसला, टीव्ही बंद. आता त्या वेळात तो कागदी पिशव्या करतो, समोरच्या मेडिकलवाल्याला देतो, पैसे फार नाहीत पण तीन तास हात गुंतलेले असतात. शेजारच्या काकू येऊन बसतात, पत्ते खेळतात त्याच्याशी. ज्या दिवशी काकू येतात त्या दिवशीचं चारचं वजन कमी असतं, वहीत दिसतं. दिवसाचं वजन मर्यादेत राहिलं की संध्याकाळी त्याच्या आवडीचं काहीतरी, बहुतेक वेळा भेळ. न राहिलं तर ओरडा नाही, शिक्षा नाही.

मीठ जास्त दिलं तर? मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस?

ओआरएसमध्ये लिटरला ७५ सोडियम असतं आणि रक्तात १४०. म्हणजे रक्ताच्या मानाने तेही पातळच, वर एक लिटर पाणी पोटात गेलं ते वेगळंच. जुलाब-उलट्यांना ते अमृत आहे, या त्रासावर मात्र उपाय नाही. खूप मीठ चारलं तर तहान वाढते आणि बीपीही. जेवणात नेहमीचं मीठ असू द्या, आपल्या मनाने मिठाच्या गोळ्या देऊ नका.

चहा, ताक, सरबत, कोल्ड्रिंक मोजायचं का?

हो. पोटात गेलेलं सगळं पातळ मोजायचं. पाणी अडवलं की काही जण चहावर किंवा कोल्ड्रिंकवर जातात, त्यात साखर पण.

तंबाखू, सिगरेटचा संबंध आहे का?

आहे. निकोटिनने एडीएच वाढतं, म्हणजे एकीकडे पाणी जास्त आणि दुसरीकडे किडनी ते धरून ठेवणार. कमी करता आलं तर खूप फायदा. पण एक लक्षात ठेवा, क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असताना बिडी-सिगरेट एकदम सोडली तर त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, कारण धुरामुळे ती लिव्हरमध्ये लवकर मोडत असते. म्हणून सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

फिट आली तर काय करायचं?

कुशीवर वळवा. आजूबाजूची भांडी, स्टूल बाजूला करा. डोक्याखाली काहीतरी मऊ. तोंडात चमचा, बोट काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. आणि शुद्धीवर आल्यावर पाणी पाजू नका, हे लोक हमखास करतात, प्रेमानेच करतात. वेळ बघून ठेवा, १०८ ला फोन करा.

कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "याला स्किझोफ्रेनिया आहे, हा दिवसभर खूप पाणी पितो, सोडियम आत्ता करा." स्किझोफ्रेनिया ऐकलं की कधीकधी बाकी कशाकडे लक्ष जात नाही, म्हणून पाण्याचं आपणच सांगायचं. वजनाची वही सोबत न्या. नंतर एकदा न्यावं लागलं तेव्हा एका तरुण डॉक्टर मुलीने ती वही पाच मिनिटं उभ्याने वाचली आणि रिपोर्ट यायच्या आधीच म्हणाली, ताई, हे सोडियमच असणार.

हॉस्पिटलमध्ये लगेच सोडियम वाढवून का देत नाहीत?

आम्हीही हेच विचारून भांडलो होतो. फिट चालू असेल किंवा बेशुद्धी असेल तर ३ टक्के मिठाचं सलाईन थोडं थोडं देतात, धोक्यातून बाहेर काढण्यापुरतं. पण सोडियम बऱ्याच दिवसांपासून कमी असेल तर मेंदूने त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं, आणि ते भराभर वर नेलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होऊ शकतं, मग काही दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० च्या वर जाऊ देत नाहीत.

या पेशंटचं अजून एक वेगळेपण म्हणजे पिणं थांबलं की किडनी धडाधड पाणी बाहेर टाकते आणि सोडियम आपोआप वर धावतं, कधी नको तेवढं. दादाला त्या रात्री कॅथेटरची पिशवी पुन्हा पुन्हा रिकामी करावी लागत होती. दर काही तासांनी रक्त घेतात ते म्हणूनच, बिल वाढवायला नाही.

यावर औषध नाही का?

फक्त यासाठीचं म्हणावं असं औषध नाही. बरीच औषधं वापरून पाहिलीयेत पण नीट अभ्यास अगदी थोडे आणि थोड्याच पेशंटवर झालेत. क्लोझापिनने बऱ्याच जणांचं पाणी पिणं कमी झालंय, दादाचंही झालं, पूर्ण गेलं नाही पण अकरा तांब्यांवरून माणसात आलं. क्लोझापिनला पांढऱ्या पेशींची तपासणी करावी लागते, पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, ती चुकवायची नाही. त्याने बद्धकोष्ठताही होते, ती वेळीच सांगा. लाळ मात्र फार गळते.

रात्री अंथरूण ओलं होतं, बोलावं का डॉक्टरांशी?

हो, नक्की. वर्षानुवर्षं एवढं पाणी गेलं की लघवीची पिशवी ताणून मोठी होते, नीट रिकामी होत नाही, दाब वर किडनीपर्यंत जातो. एक सोनोग्राफी करून घ्या. आणि त्याला सगळ्यांसमोर बोलू नका.

उन्हाळ्यात काय? इथे ४५ डिग्री असतं.

उन्हाळ्यात पाणी जास्त लागतंच, तोडून चालणार नाही, त्यात लिथियम असेल तर अजिबात नाही. माप वाढवायचं का हे मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून घ्या. सकाळचं वजन दिवसेंदिवस घसरत असेल आणि लघवी पिवळी गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

नातेवाईक म्हणतात नाटक करतो, लाडावून ठेवलाय.

त्यांना एक दिवस वही दाखवा. आमच्या मामांना मी दाखवली, मग तेच आता फोन केल्यावर आधी विचारतात, आजचं वजन किती?

आणि तुम्ही थकला असाल तर तेही कोणाला तरी सांगा. टेली मानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात, आणि पेशंटच्या घरच्यांनीही फोन करायचा असतो. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे घरच्यांसाठीचे सपोर्ट ग्रुप आहेत. पहिल्यांदा जाताना मलाही वाटलं होतं की काय बोलणार, आणि तिथे एक बाई म्हणाल्या, "माझा मुलगा कूलरमधलं पाणी पितो." मी तिथेच रडले.

लग्नाला, बाहेरगावी न्यायचं असेल तर?

न्या. घरी ठेवून जाऊ नका, एकटा असला की जास्त पितो. मागच्या वर्षी आमच्या चुलत भावाच्या लग्नाला गेलो तेव्हा बॅगेत काटा, पेला आणि वही नेली. हॉलवर पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे बॉक्सच्या बॉक्स ठेवलेले असतात, कोणीही येऊन हातात देतं. म्हणून दादाबरोबर माझ्या भाच्याला ठेवलं, दोघांना आहेराची यादी लिहायला बसवलं, दर तासाला एक पेला. चार वाजता वधूपक्षाच्या खोलीत फरशी मोकळी बघून काटा ठेवला. सकाळी ६३.०, तेव्हा ६४.१. दादाने आकडा वाचला, लिहिला, आणि मला म्हणाला, आता मठ्ठा घेऊ का एक वाटी?

घेतला.